एक क्रेफिश, अनेक प्रजाती? एका जुन्या पेपरची उलटतपासणी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी काय वाचू, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. माझ्या यादीत २००८ सालचा एक पेपर कायम असतो. सॉंग, बुहे, व्हायटिंग आणि क्रँडल या चौघांचा, पीएनएएसमध्ये आलेला. प्राणी दोन: नाकतोडे आणि क्रेफिश. क्रेफिश म्हणजे लॉबस्टरचा गोड्या पाण्यातला नातलग. आपल्या ओढ्यांत तो मुळात नाही. तरी वाचायचा, कारण सह्याद्रीतल्या खेकड्यांवर काम करताना मी ज्या खड्ड्यात पडलो, तो या पेपरने आधीच दाखवून ठेवला होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्राण्यांच्या डीएनए बारकोडिंगसाठी मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. त्यासाठीचे प्रायमर १९९४ पासून जगभर वापरात आहेत आणि ते बहुतेक प्राण्यांवर चालतात. दोन नमुन्यांत ३ टक्क्यांहून जास्त फरक दिसला की ‘वेगळी प्रजाती असावी’ असा अंदाज बांधायचा, ही तेव्हाची रूढ पट्टी.

गोची अशी, की मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे तुकडे उत्क्रांतीच्या ओघात केंद्रकातल्या डीएनएत जाऊन चिकटतात. यांना ‘नम्ट’ म्हणतात. तिथे त्यांना काही काम नसतं, त्यामुळे बदल बिनधास्त साचत जातात. पीसीआर करताना प्रायमरला खरी प्रत कोणती आणि ही निकामी प्रत कोणती, हे कळत नाही. तो दोन्ही वाढवतो. मग एकाच प्राण्यातून दोन-तीन वेगवेगळे सिक्वेन्स येतात आणि संगणक त्यांना वेगवेगळ्या प्रजाती समजतो.

लेखकांनी नेमकं हेच मोजलं. नम्टसकट विश्लेषण केलं तर प्रजातींची संख्या फुगते. मधेच आलेले स्टॉप कोडॉन, गळालेली किंवा घुसलेली अक्षरं, अक्षरांचं बदललेलं प्रमाण हे सगळं तपासून नम्ट काढले, तर चूक खूप कमी होते. पण संपत नाही. काही नम्ट या सगळ्या चाळण्यांतून सुटतात. मला हा पेपर आवडतो तो इथे. आपला उपाय कुठे अपुरा पडतो, हे त्यांनी गोषवाऱ्यातच सांगून टाकलंय. तुम्ही तुमचा गोषवारा लिहाल तेव्हा हे धैर्य आठवा.

आता माझ्या हरकती. पहिली, पीसीआरमधून आलेल्या प्रती त्यांनी क्लोन करून एकेक वाचल्या. त्यामुळे अगदी थोड्या प्रमाणात असलेले नम्टही मोजणीत आले. साध्या सँगर सिक्वेन्सिंगमध्ये असे अल्पसंख्य नम्ट बऱ्याचदा मुख्य सिग्नलखाली दबून जातात. म्हणजे रोजच्या बारकोडिंगमध्ये धोका किती, हे या आकड्यांवरून थेट सांगता येत नाही. दुसरी, निवडलेले दोन्ही गट नम्टसाठी बदनाम. नम्ट कुठल्या वंशात किती असतील हे आधी सांगता येत नाही, असं लेखक स्वतःच म्हणतात. मग शीर्षकातला सूर मात्र सरसकट सगळ्या बारकोडिंगला लागू असल्यासारखा का?

पण पहिल्या हरकतीला काळानेच उत्तर दिलंय. आज आपण पाण्यातला किंवा गाळातला डीएनए गोळा करून लाखो रीड वाचतो. तिथे दबलेले नम्ट वेगळे रीड म्हणून वर येतात आणि ‘नवी विविधता’ म्हणून मोजले जाऊ शकतात. म्हणजे पेपर तेव्हापेक्षा आज जास्त लागू आहे.

आता माझी फजिती. एका ओढ्यातल्या खेकड्याचा सिक्वेन्स शेजारच्या नमुन्यांपेक्षा बराच वेगळा आला. त्या रात्री मी मनातल्या मनात नव्या प्रजातीचं नावसुद्धा ठेवलं! स्टॉप कोडॉन तपासले होते हो. पण सगळ्याच नमुन्यांत सापडले, चांगल्या नमुन्यांतही. म्हटलं, तपासणीच कुचकामी आहे, सोडून द्या. दोन आठवड्यांनी लॅबमधल्या ताईने एकच प्रश्न विचारला: “भाषांतर कुठल्या कोड टेबलने केलंस?” मी नेहमीचं, म्हणजे पहिलं टेबल लावलं होतं. अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाला पाचवं टेबल लागतं. त्यात टीजीए हा स्टॉप नसतो, तो ट्रिप्टोफॅन देतो. पाचवं टेबल लावल्यावर बाकी सगळे नमुने स्वच्छ झाले. माझ्या ‘नव्या प्रजातीत’ मात्र मधोमध टीएए तसाच उभा. तो तर दोन्ही टेबलांत स्टॉपच! खेकडा जुनाच होता, नवा होता तो नम्ट.

हे प्रकाशित झालं असतं तर? चुकीचा सिक्वेन्स जेनबँकेत गेला असता. पुढच्या मुलाने आपला नमुना त्याच्याशी जुळवून पाहिला असता, जुळल्यावर खूश झाला असता, आणि एका चुकीला दोन साक्षीदार मिळाले असते. २००९ मध्ये बुहे यांनी जर्नल ऑफ क्रस्टेशियन बायोलॉजीत सीओआयसारख्या दिसणाऱ्या अशाच सिक्वेन्सबद्दल पुन्हा इशारा दिला, तो उगाच नाही.

म्हणून सिक्वेन्स हातात आला की घाई करू नका. क्रोमॅटोग्राम डोळ्यांनी बघा, जोडशिखरं दिसली तर थांबा. योग्य टेबलने भाषांतर करा. गळालेली अक्षरं तीनच्या पटीत नसतील तर शंका घ्या. आणि सगळं स्वच्छ दिसलं तरी एखादं केंद्रकीय जनुक आणि प्राण्याची शरीररचना यांची साक्ष काढा; कारण स्वच्छ दिसणारे नम्टही असतात, हेच तर या पेपरने दाखवलंय.

पेपर वाचाल तेव्हा शीर्षकावर थोडा अविश्वास ठेवा, पद्धतीचा भाग दोनदा वाचा. आणि रात्री नाव ठेवायचा मोह झालाच, तर सकाळी टेबल क्रमांक बघा.