साकांक्ष आणि निराकांक्ष : सामायिक विश्वाच्या चित्रपटांविषयी एक टिपण

अतिमानवी नायकांच्या, म्हणजे रूढ शब्दांत सुपरहीरोंच्या, चित्रपटांविषयी गेली दीड दशके जी चर्चा चालू आहे तिचा रोख बहुधा एकाच द्वंद्वावर असतो. एका बाजूस 'सामायिक विश्व', म्हणजे अनेक चित्रपटांतून पसरलेले, एका चित्रपटातील पात्र दुसऱ्यात सहज प्रवेश करू शकेल असे कथाजगत. दुसऱ्या बाजूस आपल्यापुरता आरंभ, मध्य आणि अंत असलेला स्वयंपूर्ण चित्रपट. पहिल्या पक्षाचे लोक विस्ताराची थोरवी गातात, दुसऱ्या पक्षाचे एकसंधतेची. आमच्या विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांतूनही हे द्वंद्व आता इतके स्थिर झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ते चुकीच्या जागी मांडलेले आहे. चित्रपट एक की अनेक, हा प्रश्न दुय्यम होय. चित्रपट जे बोलत नाही ते प्रेक्षकाने कोठून आणावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास आपल्याकडील वाक्यविचाराची परिभाषा चांगली उपयोगी पडते. शाब्दबोधास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ह्या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. 'गाय' एवढेच म्हणून बोलणारा थांबला तर ऐकणाऱ्याच्या मनात 'तिचे काय?' असा जो अपुरेपणा उरतो, ती आकांक्षा. जैमिनींनी वाक्याचे लक्षण करताना हीच कसोटी वापरली आहे : ज्या पदसमूहाचे प्रयोजन एक आहे आणि जो तोडला असता ज्याचे भाग साकांक्ष ठरतात, तो पदसमूह म्हणजे एक वाक्य. पुढे मीमांसकांनी ह्यात एक मार्मिक भेद केला. पदे मिळून वाक्य होते ती पदैकवाक्यता. आपापल्या अर्थाने पूर्ण झालेली वाक्ये अंगांगिभावाने पुन्हा एकत्र येतात ती वाक्यैकवाक्यता. वैयाकरणांजवळ आणखी एक युक्ती आहे, ती अनुवृत्तीची. पाणिनी मागील सूत्रातील पद पुढील सूत्रात पुन्हा उच्चारीत नाही. ते मागून चालत आले आहे असे समजावयाचे असते. सुमारे चार हजार सूत्रांची अष्टाध्यायी इतकी आटोपशीर राहिली ती ह्या युक्तीमुळे, आणि मधलेच एखादे सूत्र उघडून वाचणारा गोंधळून जातो तोही तिच्यामुळेच.

मार्व्हलची चित्रपटमाला २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून सुरू झाली. त्या चित्रपटाची श्रेयनामावली सरून गेल्यावर निक फ्यूरी नावाचा एक मनुष्य नायकाच्या घरी अवतरतो. चित्रकथांच्या जुन्या वाचकाच्या दृष्टीने तो 'तो' होता. इतरांच्या दृष्टीने 'कोणी एक'. एकाच दृश्यात ज्ञात आणि अज्ञात निर्देशांचा असा संयोग व्हावा ही गोष्ट भाषाभ्यासकास लक्षणीय वाटेल. आरंभीच्या वर्षांत ह्या मालेचा व्यवहार वाक्यैकवाक्यतेचा होता. 'थॉर' (२०११) किंवा 'कॅप्टन अमेरिका' (२०११) स्वतःच्या अर्थाने पूर्ण होते, आणि २०१२ च्या 'द ॲव्हेंजर्स'मध्ये ते अंगे म्हणून एकत्र आले. पुढे हे चित्र पालटले. २०१८ चा 'इन्फिनिटी वॉर' हा एकोणिसावा चित्रपट खलनायकाच्या विजयावर थांबतो आणि त्याची क्रिया २०१९ च्या बाविसाव्या 'एंडगेम'मध्ये पूर्ण होते. कर्ता एका चित्रपटात, क्रियापद दुसऱ्यात. ज्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते ती बोलणाऱ्या आपणांस ह्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. क्रियापदाची वाट पाहण्यातही एक गोडी असते. परंतु २०२३ चा 'द मार्व्हल्स' घ्या. त्यातील तीन नायिकांपैकी एकीला शक्ती कशी प्राप्त झाली हे 'वांडाव्हिजन' (२०२१) ह्या मालिकेत सांगितलेले, आणि दुसरीची ओळख 'मिस मार्व्हल' (२०२२) ह्या मालिकेत करून दिलेली. ही सरळसरळ अनुवृत्ती होय. गमतीची गोष्ट अशी की अनुवृत्तीचे फळ जे लाघव तेही येथे लाभले : एक तास पंचेचाळीस मिनिटांचा हा चित्रपट तोवरच्या मालेत सर्वांत आखूड होता. आणि तिकीटविक्रीत तो मालेच्या तळाशी गेला. मागील सूत्रे मुखोद्गत असलेला विद्यार्थी पाणिनीस पाठशाळेत मिळत असे. चित्रपटगृहात तो गृहीत धरता येत नाही.

आता दुसरा पक्ष पाहू. टॉड फिलिप्स ह्यांचा 'जोकर' (२०१९) हा स्वयंपूर्ण चित्रपटाचा आदर्श म्हणून पुढे केला जातो. त्यात मागील कोणत्याही चित्रपटातून काही चालत आलेले नाही हे खरे. तथापि, शेवटाकडे एका गल्लीत एका श्रीमंत दांपत्याची हत्या होते, स्त्रीच्या गळ्यातील मोत्यांचा सर तुटतो आणि एक मुलगा जागच्या जागी उभा राहतो. हा मुलगा पुढे कोण होणार, हे चित्रपट सांगत नाही. सांगण्याची गरज त्यास वाटत नाही, कारण १९३९ पासून चालत आलेली बॅटमॅनची कथा प्रेक्षकास ठाऊक असणार असा त्याचा भरवसा आहे. ज्यास ती ठाऊक नाही त्यास हे दृश्य एका दंगलीतील आणखी एक खून एवढेच वाटेल. म्हणजे ज्यास आपण निराकांक्ष म्हणून गौरवितो तो चित्रपटही मोक्याच्या जागी साकांक्षच आहे. अंतर एवढेच की त्याची आकांक्षा लोकांच्या परिचयाने पुरी होते, मागील वर्षाच्या तिकिटाने नव्हे. बॅटमॅनची मालकी कंपनीची आहे. परंतु ऐंशी वर्षांत त्याचा परिचय लोकांचा झाला आहे.

हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या चित्रपटाचा आरंभ निराळ्या प्रकाशात दिसू लागतो. दादासाहेब फाळके ह्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) काढले. 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके ह्यांनी रामाची आणि सीतेची अशा दोन्ही भूमिका केल्या. नंतरच्या दोन्ही चित्रपटांत फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. 'लंकादहन' रामकथेच्या मध्यापासून उचललेला आहे. सीता लंकेत कशी पोचली, मारुती कोणाचा दूत, ह्याची ओळख करून घेण्यासाठी प्रेक्षकास आधीचा कोणताही चित्रपट पाहावा लागत नव्हता. एकच नट राम आणि सीता झाला तरी त्याचा घोटाळा होत नव्हता. हा कथांश साकांक्ष खरा, पण त्याची पूर्ती घराघरांत होऊन चुकलेली होती. ह्या अर्थाने फाळक्यांना सामायिक विश्व आयतेच मिळाले होते. ते उभारण्यास एक पैही खर्च करावी लागली नाही.

ही व्यवस्था चित्रपटाहून कितीतरी जुनी आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील निरूपणानंतर उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान त्या रात्रीपुरते पूर्ण असते. पण आज ज्या ऋषीने शाप दिला त्याने काल दुसऱ्या आख्यानात काय केले, हे श्रोत्यांस माहीत असते आणि कीर्तनकार एका हुंकाराने त्याची आठवण देऊन पुढे जातो. कोकणातील दशावतारात तर आडदशावतारातील संकासुर आख्यान लागण्यापूर्वीच येऊन प्रेक्षकांशी सलगी करून जातो. आज वाशी-सीवूड्‌सकडील बहुपडदा चित्रगृहांतून श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्चीला खिळून राहणारा तरुण प्रेक्षक पाहिला म्हणजे वाटते, ह्याच्या आजोबांना असे बसून राहावे लागले नसते. त्यांचा ओळखीचा गडी आरंभीच भेटे.

लोकांच्या कथाविश्वाचा दुसरा विशेष असा की त्यास पाठभेदांचे भय नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकिरामायणात नाही. म्हणून आख्यानात ती ओढणाऱ्या बुवांस कोणी जाब विचारीत नाही. पुराणांतील परस्परविरुद्ध कथा समोर आल्या असता 'कल्पभेद' असे म्हणून जुने टीकाकार दोन्ही राखीत : ही गोष्ट एका कल्पातील, ती दुसऱ्या. मार्व्हलच्या विश्वासही ह्याच वाटेने जावे लागले हे मोठे मनोरंजक आहे. स्पायडरमॅनच्या चित्रपटांचे हक्क सोनीकडे असल्याने त्याचे तीन निरनिराळे नट, २००२, २०१२ आणि २०१६ पासून, होऊन गेले. २०२१ च्या 'नो वे होम'मध्ये तिघांना एकत्र आणावयाचे तर अनेक विश्वे मानणे प्राप्त झाले. मात्र दोहोंत एक अंतर राहते. पौराणिकांचा कल्पभेद पाठभेद सांभाळण्यासाठी होता. हा कल्पभेद करारनाम्यांतून उद्भवलेला आहे, आणि कोणता पाठ ग्राह्य ह्याचा निर्णय शेवटी हक्कदारांच्याच हाती राहतो.

मराठीत ह्या सर्व प्रश्नांची कसोटी पाहावयाची तर ती श्री. दिग्पाल लांजेकर ह्यांच्या 'शिवराज अष्टका'त पाहावी. आठ चित्रपटांचा हा संकल्प. त्यातील पहिले पाच म्हणजे 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२), 'शेर शिवराज' (२०२२) आणि 'सुभेदार' (२०२३). पाचही चित्रपटांत शिवरायांची भूमिका श्री. चिन्मय मांडलेकर ह्यांनी केली. शिवराय अतिमानव नव्हेत, इतिहासपुरुष होत, हे सांगावयास नकोच. परंतु चित्रपटीय रचना म्हणून पाहता हे मराठीतील पहिलेच हेतुपुरस्सर योजलेले सामायिक वीरविश्व म्हणावयास हरकत नाही. आता ह्या पाच चित्रपटांतील घटनांचे सन क्रमाने मांडा : पन्हाळा १६७३, लाल महाल १६६३, पावनखिंड १६६०, अफझलखान १६५९, कोंढाणा १६७०. चार चित्रपट काळात मागेमागे जातात आणि पाचवा एकदम पुढे येतो. अनुवृत्तीवर चालणाऱ्या मालेस असा क्रम परवडता ना. येथे तो परवडला, कारण पूर्ती चित्रपटांकडून व्हावयाची नव्हती. ती महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात करून घेतलेली आहे. 'पावनखिंड'मध्ये बाजीप्रभू झालेले श्री. अजय पूरकर 'सुभेदार'मध्ये तानाजी होतात, तरी प्रेक्षक अडखळत नाही. साळुंक्यांच्या राम-सीतेचीच ही परंपरा.

येथवर अष्टकाविषयी समाधानच वाटावे. शिवचरित्र कोणाच्या मालकीचे नसल्यामुळे पाठभेदही मुबलक आहेत. तानाजींवर श्री. ओम राऊत ह्यांचा 'तान्हाजी' (२०२०) आणि 'सुभेदार' ही दोन आख्याने तीन वर्षांच्या अंतराने लागली; २०२२ ह्या एकाच वर्षी 'पावनखिंड' आणि 'हर हर महादेव' अशा दोन चित्रपटांतून बाजीप्रभू लढले. 'तान्हाजी'त शिवराय झालेले श्री. शरद केळकर 'हर हर महादेव'मध्ये बाजीप्रभू झाले. १९५२ साली भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'त चंद्रकांत ह्यांना पाहिलेल्या पिढीच्या डोळ्यांसमोर आणखी निराळीच मूर्ती होती. पण इतिहासाचे पाठभेद पुराणाच्या पाठभेदांसारखे नाहीत, आणि खरी अडचण येथे सुरू होते. यशवंती घोरपडीची कथा शाहिराच्या पोवाड्यातील. बहुतेक इतिहाससंशोधक ती ग्राह्य धरीत नाहीत. इतिहासात कल्पभेद चालत नाही. तेथे कागद पाहून एक पाठ टाकावा लागतो, आणि नवा कागद सापडला म्हणजे पुन्हा विचार करावा लागतो. सामायिक विश्वाची प्रकृती ह्याच्या उलट आहे. पाच चित्रपटांतून तोच चेहरा, तीच वेशभूषा, तीच बोलण्याची ढब पुनःपुन्हा भेटली म्हणजे आकांक्षापूर्तीचे स्थान हळूहळू सरकू लागते. आज चित्रपटातील गाळलेले दुवे प्रेक्षक चरित्रातून भरतो. उद्या चरित्र वाचताना चित्रपटांतून भरू लागेल, आणि ते भरलेले आहे हे त्यास कळणारही नाही. एकटा, सुटा चित्रपट हे करू शकत नाही. त्याची छाप फिकी होण्यास अवसर असतो. अष्टकावरील आक्षेप घ्यावयाचा तर तो ह्या जागी घ्यावा. संवाद भडक आहेत की काय, हा तुलनेने किरकोळ मुद्दा आहे.

ह्याच्या शेजारी श्री. आदित्य सरपोतदार ह्यांचे दोन चित्रपट ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०१७ साली त्यांनी भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'वर त्याच नावाचा चित्रपट केला. पुस्तकांची मोठी मालिका पाठीशी असूनही तो सुटाच राहिला, आणि श्री. दिलीप प्रभावळकर ह्यांच्या रूपाने खुद्द भागवतांनाच कथेत आणून त्याने वाचकांशी असलेले जुने नाते मोकळेपणाने मान्य केले. २०२४ चा 'मुंज्या' मात्र हिंदी आहे, आणि 'स्त्री' (२०१८) व 'भेडिया' (२०२२) ह्यांच्या विश्वात बसविलेला. मुंज झालेला पण सोडमुंज होण्यापूर्वी वारलेला बटू पिंपळावर राहतो, ही आमच्याकडे आजीने सांगितलेली गोष्ट. हिंदी प्रेक्षकास ती ठाऊक नसल्याने चित्रपट ती स्वतःच सांगतो. म्हणून मूळ कथानक अगदी निराकांक्ष आहे. शेवटी श्रेयनामावलीबरोबर 'भेडिया'तील नायक येऊन जातो. पूर्ण झालेल्या वाक्याच्या टोकाला कोणी 'आणि' एवढेच म्हणून थांबावे, तसे हे दृश्य. त्याने मागील अर्थात काही भर पडत नाही. एक नवी आकांक्षा तेवढी विकत दिली जाते. शिवाय कोकणचा मुंज्या, जो गावोगावी निराळा आहे, त्यास आता एक ठरावीक रूप आणि एक मालक मिळाला, हेही नोंदले पाहिजे.

अष्टकाच्या बाबतीत मात्र एक प्रयोग अनायासे घडून येत आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये श्री. मांडलेकर ह्यांनी शिवरायांची भूमिका ह्यापुढे न करण्याचे जाहीर केले. अष्टक पुढे न्यावयाचे तर दुसरा चेहरा आणणे भाग आहे. त्या नव्या नटास प्रेक्षक शिवराय म्हणून ओळखतो की मांडलेकरांच्या जागी आलेला नट म्हणून, ह्यावरून पूर्तीचे स्थान किती सरकले आहे ते मोजता येईल. पदव्युत्तर वर्गातील कोणा विद्यार्थ्याने प्रेक्षकांच्या मुलाखती घेऊन, ते त्याचा निर्देश 'महाराज' असा करतात की नटाच्या नावाने, एवढे जरी टिपून ठेवले तरी एक चांगला लघुप्रबंध होईल.