'नेमका' या शब्दाची किंमत

मराठीत 'बोली' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. माणसे बोलतात ती बोली आणि लिलावात लावतात तीही बोली. शब्दकोशात हे दोन अर्थ शेजारी शेजारी सुखाने नांदत आले, कारण व्यवहारात त्यांची गाठ पडण्याचे प्रसंग फारसे नव्हते. गेल्या पाव शतकात ती पडली. गूगलवर कोणी 'कोल्हापुरी चप्पल' असे टाइप केले की निकालांच्या डोक्यावर कोणाची जाहिरात दिसावी याचा लिलाव त्याच क्षणी होतो. लिलावात विकला जातो तो शब्द. जाहिरात नुसती दिसली तर पैसे पडत नाहीत. तिच्यावर कोणाचे बोट पडले की दुकानदाराच्या खात्यातून ठरलेली रक्कम वळती होते.

या क्लिकच्या भावाबद्दल लहान व्यावसायिकांची तक्रार जगभर एकच आहे: क्लिक महागले, गिऱ्हाईक वाढले नाही. ही तक्रार आपण अर्थशास्त्राच्या किंवा करसल्लागाराच्या खात्यात टाकून मोकळे होतो. माझ्या मते तिचे मूळ भाषेत आहे आणि म्हणून ती वाङ्मयीन मासिकाच्या वाचकासमोर मांडायला हरकत नाही. दुकानदार शब्द विकत घेतो. त्या शब्दाचा अर्थ काय, हे ठरवण्याचा हक्क मात्र विकणाऱ्याकडेच राहतो. भाववाढीची तक्रार या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

शब्दाला पैसे मोजण्याची सवय आपल्याला नवी नाही. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती शब्दांवर किंवा ओळींवर मोजल्या जात. पैसे वाचवण्यासाठी विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदे गाळून लिहिलेली ती आखडती मराठी हा एक स्वतंत्र लेखनप्रकारच होता. पण तिथे एका सदरातल्या सगळ्या शब्दांना दर एकच असे. वर्तमानपत्र शब्द मोजत होते, त्यांचे अर्थ मोजत नव्हते. अर्थाप्रमाणे दर लावणारा बाजार १९९८ मध्ये अमेरिकेत उघडला. बिल ग्रॉस यांच्या 'गोटू डॉट कॉम' या शोधयंत्राने शब्दांवर बोली लावायला जाहिरातदारांना सांगितले. जास्त बोली लावणारा वर आणि प्रत्येक क्लिकला त्याने लावलेली बोली तेवढी वसूल. या पद्धतीवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. तिचा एक गुण मात्र आज आठवण्यासारखा आहे: कोण किती मोजतो हे निकालाशेजारीच छापलेले असे. लिलाव उघडा होता.

गूगलने २००० मध्ये ॲडवर्ड्‌स सुरू केले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये क्लिकच्या लिलावाकडे मोर्चा वळवला. त्यात दोन सुधारणा केल्या. जिंकणाऱ्याने स्वतःची बोली न भरता खालच्या स्पर्धकाला मागे ठेवण्यापुरतीच रक्कम भरायची. आणि क्रम केवळ बोलीवर न लावता जाहिरातीवर लोक किती क्लिक करतात तेही धरायचे. दोन्ही सुधारणा शहाणपणाच्या होत्या. गोटूच्या लिलावात जाहिरातदार एकमेकांवर पैशापैशाने चढत आणि मग धाडकन खाली येत. तो खेळ यामुळे बराच थांबला. पुढे, २००५ पासून, क्लिकच्या अंदाजाबरोबर जाहिरातीची आणि दुकानाच्या पानाची प्रतवारीही हिशेबात येऊन 'क्वालिटी स्कोअर' जन्माला आला. इथून लिलावावर रुमाल पडला.

आपल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची रीत होती. धान्याच्या बाजारातही ती चाले. व्यापारी संगनमत करतात, शेतकऱ्याला भाव कळत नाही, म्हणून नियंत्रित बाजार समित्यांत ती जाऊन उघड लिलाव आला. पण त्या रुमालाखालीसुद्धा दोन्ही हातांना एकच आकडा कळत असे. इथे एका हाताला कळतो, दुसऱ्याला बिल येते.

हिशेब करून पाहू. समजा, चपला विकणाऱ्याची बोली ४० रुपये आणि त्याची प्रत ५, गुणाकार २००. खालच्याची बोली ३० आणि प्रत ४, गुणाकार १२०. आपल्या दुकानदाराला भरावे लागतील १२० भागिले ५, म्हणजे २४ रुपये आणि वर नाममात्र काही. आता यंत्राने त्याची प्रत ५ वरून ४ केली. कोणीही बोली वाढवलेली नाही, नवा स्पर्धक आलेला नाही. भाव झाला १२० भागिले ४, म्हणजे ३० रुपये. सव्वापट. (खरे सूत्र याहून गुंतागुंतीचे आहे, हा त्याचा सांगाडा.) दुकानदाराला त्याच्या खात्यात एक ते दहांपैकी एक गुण दाखवला जातो खरा, पण तो केवळ मार्गदर्शनासाठी असून लिलावात वापरला जात नाही, असे कंपनीच सांगते. लिलावातली प्रत दर वेळी नव्याने निघते आणि ती दिसत नाही. शिवाय एक किमान उंबरठा असतो. खाली कोणी स्पर्धक नसला तरी तेवढे मोजावेच लागतात. तो उंबरठाही दिसत नाही.

मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात सव्वापट हा एक आकडा असतो. लहान दुकानात त्याने काय होते? १,५०० रुपयांच्या जोडामागे चामडे, मजुरी, कुरियर वजा जाता ३५० रुपये उरतात असे धरू. पन्नास क्लिकमागे एक जोड विकला जातो. क्लिक ६ रुपयांना मिळाला तर जाहिरातीचा खर्च ३००, हाती ५०. क्लिक साडेसात रुपयांना गेला की खर्च ३७५. प्रत्येक विक्रीमागे २५ रुपये पदरचे. त्यात जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी. मोठ्या कंपनीला तो पुढच्या करातून वळता करून मिळतो, कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मिळत नाही. त्याचा ६ रुपयांचा क्लिक ७ रुपये ८ पैशांना पडतो. म्हणजे भाव वाढण्याआधीच ३५४ रुपये खर्च आणि चार रुपये तोटा. तक्रारखोर म्हणून ज्याची हेटाळणी होते त्या माणसाचे गणित इतके अरुंद असते.

सर्वांत महाग शब्द कोणते, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत वर्षानुवर्षे त्यांत 'मेसोथेलिओमा' असे. ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कर्करोगाचे हे नाव. भरपाईचे दावे चालवणाऱ्या वकिलांच्या कचेऱ्या त्यावर तुटून पडत आणि एका क्लिकला शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजत. कोणत्याही कवीच्या शब्दाला असा भाव आलेला नाही.

पण भाव हा वरचा थर झाला. खालचा थर अर्थाचा आहे आणि मला तोच जास्त गंभीर वाटतो. कीवर्ड विकत घेताना दुकानदाराला तो किती सैल धरायचा हे सांगता येते. सैल ठेवला तर आसपासच्या शोधांनाही जाहिरात दिसते. चौकटी कंसात लिहिला तर ती 'एक्झॅक्ट मॅच', नेमकी जुळणी: शोधणाऱ्याने हेच शब्द लिहिले तरच. कमी पैशांत काम करणाऱ्याला हा कंस म्हणजे कुंपण होते. २०१४ मध्ये कंपनीने ठरवले की अनेकवचन, शुद्धलेखनाच्या चुका आणि शब्दांची जवळची रूपे 'नेमक्या'त धरली जातील. तोपर्यंत यातून बाहेर राहता येत असे, ती सोय बंद झाली. २०१७ मध्ये शब्दांचा क्रम आणि बारीकसारीक अव्यये गौण ठरली. सप्टेंबर २०१८ मध्ये शेवटचे पाऊल पडले: शब्द वेगळे असले तरी शोधणाऱ्याचा हेतू तोच असेल तर तीही नेमकी जुळणी. कंपनीने दिलेले उदाहरण योसेमिटी या अमेरिकी राष्ट्रीय उद्यानाचे होते. तिथल्या 'कॅम्पिंग'वर बोली लावणाऱ्याला 'कॅम्पग्राउंड' शोधणाराही मिळेल, 'हॉटेल' शोधणारा मिळणार नाही. उदाहरण निरुपद्रवी आहे. उदाहरणे तशीच निवडतात.

चार वर्षांत 'नेमका' या विशेषणाचा अर्थ 'साधारण' झाला आणि पाटी तीच राहिली. अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थभ्रंश हे भाषाशास्त्राचे जुने विषय आहेत. पण ते बदल बोलणाऱ्यांच्या तोंडी, पिढ्यान्‌पिढ्या होत असतात. विक्रेत्याने सूचना काढून एका ठरल्या महिन्यापासून शब्दाचा अर्थ बदलणे आणि नव्या अर्थाने बिल पाठवणे, हा प्रकार त्यांत बसत नाही.

आपल्या काव्यशास्त्राने पर्यायशब्दाचा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे. शब्द बदलून पर्याय ठेवला की ज्याची शोभा जाते तो शब्दालंकार, टिकते तो अर्थालंकार, अशी कसोटी मम्मटाने लावली. कुंतकाने तर पर्यायाच्या निवडीलाच वक्रतेचा एक प्रकार मानले. एकाच वस्तूच्या अनेक नावांपैकी कवीने हेच का घेतले, यात काव्य आहे असे त्याचे म्हणणे. दुकानदार कवी नसतो, पण हा धडा तो पोटासाठी शिकलेला असतो. 'कोल्हापुरी चप्पल' आणि 'कोल्हापुरी स्टाइल चप्पल' यांत त्याचे घर चालते की बसते एवढा फरक आहे. कायद्यालाही तो फरक मान्य आहे; कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो या फरकासाठीच. उद्या यंत्राने या दोन शोधांमागचा हेतू एकच ठरवला तर दोनशे रुपयांची रबरी चप्पल शोधणाऱ्याचा क्लिकही हातशिलाईवाल्याच्या खात्यावर पडेल.

कंपनीची बाजू अगदीच टाकाऊ नाही. रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच न आलेले असतात, असे ती सांगत आली आहे. कोणता दुकानदार ते सगळे आधी लिहून ठेवणार? सैल जुळणीने अनेकांना न सुचलेली गिऱ्हाइके मिळाली, हे खरे आहे. हातात पाचशे रुपये असलेल्या माणसाला शहरभर जाहिरात करण्याची सोय यापूर्वी कोणत्याच माध्यमाने दिली नव्हती, हेही खरे. पण सैल जुळणी हवी असणाऱ्यांसाठी सैल जुळणी होतीच. ज्याने कंस घातला त्याने 'मला हे नको' असे लिहून दिले होते.

'नको' म्हणण्यासाठी आणखी एक सोय आहे: नकारार्थी कीवर्ड. 'मोफत', 'जुन्या', 'फोटो', 'नोकरी' असे शब्द असलेल्या शोधांना माझी जाहिरात दाखवू नका, अशी यादी दुकानदार देतो. इथे मात्र यंत्राला एकदम अक्षरनिष्ठा आठवते. नकारार्थी शब्दाचा पर्याय आपोआप वगळला जात नाही. 'मोफत' नको म्हटले तर 'फुकट' वेगळा लिहावा लागतो आणि 'फ्री' आणखी वेगळा. घेताना समानार्थी शब्द एक, टाळताना अनेक. अर्थाबद्दलचे दोन सिद्धान्त एकाच यंत्रात गुण्यागोविंदाने राहतात आणि दोन्हींत क्लिक वाढतात. यात कट असेलच असे नाही. पण एवढी सोयीची विसंगती समीक्षकाने पाहून सोडून द्यावी अशी नाही.

ही यादी तयार करायची तर कोणत्या शोधांवर पैसे गेले ते कळायला हवे. सप्टेंबर २०२० पासून त्या अहवालात, पुरेशा लोकांनी शोधलेलेच शब्द दाखवायचे असे ठरले. कारण दिले ते शोधणाऱ्यांच्या खासगीपणाचे. परिणाम असा की दुकानदार काही शब्दांचे पैसे भरतो आणि ते शब्द कोणते हे त्याला सांगितले जात नाही. एखाद्या किराणा दुकानाने 'किरकोळ सामान' एवढेच लिहून बिलाचा मोठा आकडा टाकला तर आपण चिठ्ठी परत करू.

स्वतःच्या नावाचा प्रश्न याहून बोचरा आहे. तुमच्या दुकानाचे नाव कोणी शोधले तर वर जाहिरात स्पर्धकाची दिसू शकते, कारण त्याने तुमच्या नावावर बोली लावलेली असते. मग तुम्हीही आपल्याच नावावर बोली लावता आणि आपल्याकडेच निघालेल्या गिऱ्हाइकाचे पैसे वाटेत मोजता. भारतात हा वाद विवाहस्थळांच्या एका कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात नेला होता. सामान हलवणाऱ्या 'अगरवाल पॅकर्स'च्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटले की कीवर्ड म्हणून नाव विकणे हा त्या व्यापारचिन्हाचा वापरच आहे आणि गूगल त्यात निष्क्रिय प्रेक्षक नाही. मात्र गिऱ्हाइकाची फसगत होत नसेल तर केवळ एवढ्याने हक्कभंग होत नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल समतोल आहे. फसगत झाली हे सिद्ध करायला दिल्लीत वकील लावण्याची ऐपत ज्याच्याकडे नाही, त्याला त्या समतोलातून काही मिळत नाही.

भाव खरोखर लिलावातून निघतो का, या प्रश्नाचे उत्तर शेवटी अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात शपथेवर बाहेर आले. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलचे तेव्हाचे जाहिरातप्रमुख जेरी डिश्लर यांनी साक्षीत मान्य केले की लिलावात बदल करून भाव पाच टक्क्यांनी, काही शोधांसाठी कदाचित दहा टक्क्यांनीही वाढवले गेले आणि असे बदल सहसा जाहिरातदारांना सांगितले जात नाहीत. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्वसाधारण शोध आणि शोधाच्या मजकुरी जाहिराती या दोन्ही बाजारांत कंपनी बेकायदा मक्तेदार असल्याचा निकाल दिला; जाहिरातींचे भाव स्पर्धेच्या पातळीवर ठेवणे तिला भाग पडत नव्हते, हाही त्याचाच भाग. म्हणजे चपलेच्या दुकानदाराचा संशय खरा होता. बोली न वाढता भाव वाढत होता.

उपाययोजनेचा निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला. लिलावात महत्त्वाचे बदल केल्यास गूगलने ते जाहीर करावेत, असा आदेश त्यात आहे. रुमालाचे एक टोक उचलले गेले, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. सरकारपक्षाची आणखी दोन मागणी होती: कोणत्या शोधावर पैसे गेले याचा तपशील जाहिरातदाराला मिळावा आणि खरीखुरी नेमकी जुळणी परत आणावी. दोन्ही न्यायालयाने नाकारल्या. 'एक्झॅक्ट मॅच' हे नाव आणि त्याचा चौकटी कंस जाहिरातीच्या अर्जात अजून तसाच आहे, आणि 'मोफत'च्या खाली 'फुकट' लिहिण्याचे काम दुकानदाराकडेच आहे.