ड्रॅगनला हवा आसरा

‘ड्रॅगन’ म्हटले की प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातील अजगर, म्हणजेच सैतान, आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मग ज्या कथेचा नायकच ड्रॅगन, ती मुलांच्या हाती द्यावी काय, असे काही पालक आम्हांस विचारतात. कॉर्नेलिया फुंके या जर्मन लेखिकेची, १९९७ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ‘ड्रॅगन रायडर’ ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचल्यावर आमचे उत्तर आहे : अवश्य द्यावी.

माणसे आपली दरी पाण्याखाली बुडविणार, हे कळताच फायरड्रेक हा रुपेरी ड्रॅगन हिमालयात दडलेल्या आपल्या कुळाच्या जुन्या निवासाच्या शोधात निघतो. वाटेत त्याला बेन हा अनाथ मुलगा भेटतो. दोघेही बेघर, आसरा शोधता शोधता ते एकमेकांचाच आसरा होतात.

आम्हांस अधिक भावला तो मात्र ट्विगलेग, शत्रूचा चिमुकला हेर. ड्रॅगनांची शिकार करणाऱ्या सोनेरी नेटलब्रँडच्या धाकाने तो या सोबत्यांत शिरतो आणि बेनच्या निर्व्याज मायेने त्याचे मन पालटते. कोणाच्याही उपदेशावाचून घडलेला हा पश्चात्ताप म्हणजे कादंबरीचा गाभा होय.

उणीव एकच जाणवते. किमयागाराने घडविलेल्या नेटलब्रँडला लेखिकेने अंतःकरणच दिलेले नाही. त्यामुळे त्याच्यावरील विजय चातुर्याचा ठरतो, प्रीतीचा नव्हे.

तरीही पालकांनी मुलांसमवेत ही कादंबरी वाचावी. दारी आलेला परका शत्रूच असेल, हे आपण कशावरून ठरवतो, असे एखादे मूल विचारील. उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.