पर्यावरण अभ्यासातील क्षेत्रकार्य : आठव्या घटकाची चिकित्सा (परंडा तालुक्याच्या विशेष संदर्भात)

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांमुळे पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर अनिवार्य करण्याची प्रक्रिया सुरू झाली. पदवी वर्गांपर्यंत ती पोहोचण्यास मात्र न्यायालयाचा २००३ मधील पुनरादेश व त्यानंतरचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम यावा लागला. आठ घटक आणि पन्नास तासिका अशी त्याची मांडणी होती. आठवा घटक क्षेत्रकार्याचा. त्याच्या वाट्याला तासिका पाच आणि शंभरपैकी गुण पंचवीस. एक दशांश वेळात एक चतुर्थांश गुण देणाऱ्या या घटकाने संशोधनाची कौशल्ये कितपत रुजवली, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

घटकाची शब्दरचना येथे महत्त्वाची ठरते. नदी, वन, गवताळ प्रदेश, टेकडी अशा स्थानिक ठेव्याची नोंद करण्यासाठी भेट. प्रदूषित स्थळास भेट. परिचित वनस्पती, कीटक व पक्षी यांचा अभ्यास. तळे, नदी, डोंगरउतार अशा साध्या परिसंस्थांचा अभ्यास. काय पाहावे याची ही यादी आहे. काय मोजावे, किती वेळा मोजावे, एकाचे मोजमाप दुसऱ्याने कसे तपासावे, याविषयी ती मौन बाळगते. मूल्यमापनाची तरतूद तर 'क्षेत्रकार्यावरील निबंध' अशी होती. निबंध एकट्याने लिहिता येतो आणि, हे प्राध्यापकवर्गास वेगळे सांगावयास नको, जागेवरून न हलताही लिहिता येतो. एराक भरुचा यांनी आयोगासाठी सिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकात निरीक्षण कसे करावे याचे मार्गदर्शन आहे. तेव्हा दोष पुस्तकाकडे जात नाही. तो संशोधनाची परीक्षा निबंधाने घेणाऱ्या रचनेचा आहे.

परंडा तालुक्यात या घटकाला केवढा वाव होता! प्रशासकीय दृष्ट्या हा तालुका मराठवाड्यात मोडतो. परंतु येथील पाणी गोदावरीस मिळत नाही. ते सीनेतून भीमेस व पुढे कृष्णेस जाते. त्याच जिल्ह्यातील तेरणेचे पाणी मात्र मांजरेमार्गे गोदावरीस मिळते. जिल्ह्याची सीमा व खोऱ्याची सीमा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथील विद्यार्थ्यास कोणत्याही आकृतीविना कळू शकते. किल्ल्याचा खंदक, सीना-कोळेगावचा जलाशय आणि बेसाल्ट खडकात खोदलेल्या असंख्य विहिरी अशी अभ्याससामग्री चालत जाण्याच्या नाहीतर एस.टी.च्या अंतरावर आहे.

विहिरीचेच उदाहरण घेणे उचित ठरेल. विहिरीतील पाणी किती खोल आहे, हा प्रश्न वरकरणी फीत सोडून सुटणारा वाटतो. पण फीत कठड्यावरून सोडली की जमिनीवरून? कठड्याची उंची वजा न केल्यास दोन विहिरींची तुलनाच होऊ शकत नाही. मोटार केव्हा बंद झाली? उपसा नुकताच थांबला असेल, तर मोजलेली पातळी भूजलाची नसून उपशाची असते. म्हणून गावाला शेतीची वीज कोणत्या वेळी मिळते, हे आधी विचारून घ्यावे लागते. शेतकरी खोली परसांत सांगतो. माणसाच्या उंचीवरून आलेले हे माप मीटरमध्ये आणायचे, तर त्याचा परस केवढा हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे लागते. मुरूम कोठे संपला, मांजऱ्या कोठे लागला, पाझर कोणत्या अंगाने आहे, हे विहीर खोदणाऱ्याला ठाऊक असते. ते नेमके विचारणे हेही कौशल्यच होय.

हे सारे एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. येथे गटाची आवश्यकता सोयीपुरती उरत नाही, ती पद्धतीचा भाग बनते. एकाने मोजावे, दुसऱ्याने बोलावे, तिसऱ्याने लिहावे आणि दुसऱ्या गटाने काही विहिरी पहिल्याचे आकडे न पाहता पुन्हा मोजाव्यात. दोन आकड्यांत अर्ध्या मीटरचा फरक निघाला की जो वाद होतो, त्या वादात विद्यार्थी प्रथमच संशोधक होतो. एकट्याच्या वहीतील चूक कोणास दिसत नाही. मात्र श्रमविभागणी कायमची नसावी. मुलींकडे नोंदवही आणि मुलांकडे फीत अशी वाटणी आपोआप होत असते. कामे दर फेरीस बदलली नाहीत, तर अर्धा वर्ग सुवाच्य अक्षर तेवढे शिकतो.

पदवीच्या विद्यार्थ्यांकडून विश्वासार्ह नोंदी होऊ शकतील काय, ही शंका जुनीच आहे. १९९० च्या दशकात माधव गाडगीळ यांच्या पुढाकाराने पश्चिम घाटातील महाविद्यालयीन प्राध्यापक व विद्यार्थी यांना जोडून जैवविविधतेच्या नोंदींचे जाळे उभारण्यात आले, तेव्हा ही शंका कृतीने तपासली गेली. समान पद्धत आधी ठरविणे हा त्या उपक्रमाचा कणा होता. सह्याद्रीच्या जंगलास जे लागू पडले, ते बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या पठारास लागू न पडण्याचे कारण दिसत नाही.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. निवडक विहिरींवरून प्रत्येक गावाचे चित्र उमटू शकत नाही. २००४ नंतरच्या प्रत्येक तुकडीने त्याच वीस विहिरी त्याच चार महिन्यांत मोजल्या असत्या, तर २०१५-१६ चा दुष्काळ आणि सप्टेंबर २०२५ चा सीनेचा महापूर यांच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी आज तालुक्याच्या हाती असत्या. त्याऐवजी दरवर्षी नवा विषय, नवे मुखपृष्ठ आणि वर्षअखेरीस रद्दी, असाच प्रघात बहुतेक ठिकाणी पडला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्पास आता स्वतंत्र श्रेयांक आहेत. श्रेयांक वाढल्याने जुना प्रश्न सुटत नाही : गट विखुरल्यावर नोंदवही कोणाची? ती विभागाच्या कपाटात क्रमांक घालून राहिली पाहिजे व पुढील तुकडीने तिच्यातूनच प्रारंभ केला पाहिजे. दुसरी अडचण सीनेच्या पात्रातच आहे. पलीकडच्या काठावरचा करमाळा सोलापूर विद्यापीठाच्या क्षेत्रात, तर अलीकडचा परंडा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. एकाच जलाशयाच्या दोन काठांवरील विद्यार्थ्यांनी एकच तक्ता भरावा, यासाठी दोन अभ्यास मंडळांनी प्रथम एका मेजाशी बसावे लागेल.