विहीर आणि कुंड

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये प्रवेशदाराजवळच्या छोट्या चॅपेलात एक मोठे दगडी बाप्तिस्माकुंड आहे. संत झेवियर यातून बाप्तिस्मे देत, एवढे सांगून वाटाडे पुढे सरकतात; आपले प्रवासवर्णनकारही. पण कुंड १५३२ सालचे आणि झेवियर गोव्यात उतरला १५४२ च्या मे महिन्यात. धर्मप्रांत झाला १५३४ मध्ये, सध्याच्या कॅथेड्रलचे काम सुरू झाले १५६२ मध्ये. म्हणजे संत, बिशपाची गादी आणि भोवतीच्या भिंती, सगळ्यांच्या आधीचे हे भांडे.

वेल्सच्या खेड्यांतही असेच दिसते. चर्चच्या भिंती पुन्हा पुन्हा बांधल्या, कुंड जुनेच राहिले. पॅट्रिशोच्या अकराव्या शतकातल्या कुंडावर घडवणाऱ्या मेनहिरचे नाव आधी कोरले आहे, सत्ताधीशाचे नंतर. आमच्या मराठवाड्यात गधेगाळी शोधत हिंडणाऱ्याला याचा हेवा वाटतो. तिथे राजा असतो, दान असते, शिवी असते; पाथरवट सहसा नसतो.

फिरंगी अमलावरच्या आपल्या लेखनात मात्र कुंड येत नाही, विहीर येते. रात्री पाण्यात पाव टाकला, सकाळी गाव ते पाणी प्यायले आणि बाटले. ही कथा इतक्यांनी सांगितली आहे की ती तपासावीशीच वाटत नाही. जुलूम झालाच, देवळे पाडली गेली, १५६० पासून इन्क्विझिशन बसले. त्याबद्दल वाद नाही. पण चर्चच्या नियमाने विहिरीचे पाणी पिऊन कोणी ख्रिस्ती होत नसे. त्यासाठी अंगावर पाणी पडावे लागे, ठरलेले शब्द उच्चारले जावे लागत. ते कुंडापाशी होई. विहिरीवर जे घडले ते आपल्या बाजूचे: पाणी प्यायलेल्याला परत घरात न घेणारा नियम आपला होता. कथा सांगताना आपण पाव टाकणाऱ्याचा हात दाखवतो, दार लावणाऱ्याचा नाही. ‘बाटणे’ हे क्रियापदही दाराच्या आतल्यांचे.

कुंडापाशी उभ्या राहिलेल्यांच्या मुला-नातवंडांसाठी फादर स्टीफन्सने ख्रिस्तपुराण लिहिले. ते १६१६ मध्ये छापले गेले, मराठी ओवीत. त्या ओवीचे कौतुक आपल्या वाङ्मयेतिहासात भरपूर आहे. ती ऐकायला बसलेली माणसे त्यात अजून ‘बाटलेली’च आहेत.