गायकनटाची घडण : संगीत रंगभूमीवरील तालीम आणि चरितार्थ

प्रस्तावना

मराठी संगीत रंगभूमीविषयी विपुल लेखन झाले आहे. नाटककार, नाट्यपदांच्या चाली, बंदिशींची मुळे, गाजलेले प्रयोग आणि कलावंतांच्या आठवणी हे या लेखनाचे नेहमीचे विषय होत. या लेखनात दोन भूमिका ठळकपणे दिसतात. पहिली भूमिका गौरवाची आहे. ती गायकनटाच्या कंठाला दैवी देणगी मानते. दुसरी भूमिका आक्षेपाची आहे. गाण्याच्या आहारी जाऊन नाटक मारले गेले, ‘वन्समोअर’ने नाट्यानुभव खंडित केला, असे ती सांगते. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. परंतु एक प्रश्न दोहोंतही अनुत्तरित राहतो. रात्रभर रंगभूमीवर उभे राहून गाणारा आणि बोलणारा हा कलावंत घडत कसा होता, आणि घडत असताना व घडल्यानंतर त्याचे पोट कोण भरत होते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. नाटक मंडळी ही केवळ नाटके करणारी संस्था नव्हती. तालीम, सराव आणि चरितार्थ या तिन्ही गोष्टी एकत्र बांधणारी ती व्यवस्था होती. ती मोडल्यावर तालीम एकीकडे गेली आणि चरितार्थ दुसरीकडे. संगीत रंगभूमीच्या ऱ्हासाचे हे कारण अभिरुचीतील बदलाइतकेच महत्त्वाचे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मंडळी : एक विद्यालय

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. या रंगभूमीने साकी, दिंडी यांसारखे कीर्तनातील रचनाप्रकार स्वीकारले. नारदीय कीर्तनकार एकाच वेळी गातो, निरूपण करतो आणि आख्यानातील पात्रेही उभी करतो. गायन व वाचिक अभिनय यांचा हा मेळ मराठी श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेला होता. म्हणूनच पात्राने बोलता बोलता गाऊ लागणे त्यांना विचित्र वाटले नाही. मात्र कीर्तनकाराच्या कामाची मागणी आणि गायकनटाच्या कामाची मागणी यांत मोठे अंतर होते. ‘सौभद्र’सारख्या नाटकात शंभराहून अधिक पदे होती. प्रयोग उत्तररात्रीपर्यंत चालत. ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत शब्द पोहोचवावयाचे, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावयाचे, हे केवळ उपजत गोड गळ्याच्या बळावर निभणारे काम नव्हते.

भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे चरित्र या संदर्भात उद्बोधक आहे. बालवयात ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि ‘रामराज्यवियोग’मधील कैकेयीच्या भूमिकेत त्यांनी नाव मिळविले. पुढे आवाज फुटला आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचे जे होत असे तेच त्यांचे झाले : रंगभूमीवरील स्थान गेले. त्यानंतर त्यांनी फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ यांच्याकडे दीर्घकाळ तालीम घेतली. कालांतराने तेच भास्करबुवा गुरू म्हणून रंगभूमीकडे परतले. ‘विद्याहरण’ (१९१३), ‘स्वयंवर’ (१९१६) आणि ‘द्रौपदी’ (१९२०) या नाटकांच्या चाली त्यांनी दिल्या आणि बालगंधर्वांना शिकविले. ज्या व्यवस्थेने आवाज फुटलेल्या मुलाला बाहेर टाकले, तिलाच पुढे त्या मुलाने मिळविलेल्या विद्येची गरज भासली.

१९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत ही रचना पूर्णत्वाला गेली. ‘स्वयंवर’मधील पदे रागदारीच्या बंदिशींवर बेतलेली होती; ती बसविणारा गवई, साथीचा सारंगिया आणि पुढील काळात अहमदजान थिरकवाँसारखा तबलावादक या सर्वांचा योगक्षेम मंडळी पाहत होती. आजच्या भाषेत सांगावयाचे तर विद्यार्थी, शिक्षक आणि साथीदार एकाच बिऱ्हाडात राहत होते आणि परीक्षा दर प्रयोगाला तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर होत होती. ललितकलादर्श मंडळीतही हेच चित्र दिसते. केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांनी ही मंडळी १९०८ साली हुबळीस स्थापन केली. स्वतः मंडळीचे मालक झाल्यावरही त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिक्षण घेतले. लहानपणी ‘शारदा’ गाजविणारा नट मालक होऊनही शिष्य राहतो, ही गोष्ट ‘दैवी देणगी’च्या कल्पनेला छेद देणारी आहे.

युरोपातील ऑपेराचे उदाहरण

युरोपातील ऑपेरा गायकाच्या घडणीशी तुलना केल्यास या व्यवस्थेचे बल आणि वैगुण्य दोन्ही स्पष्ट होतात. नेपल्समधील जुनी संगीत विद्यालये मुळात अनाथ व निराधार मुलांचे आश्रम होती. गाणे हे तेथे त्या मुलांना दिलेले उपजीविकेचे साधन होते. आपल्याकडेही मंडळ्यांत आलेली अनेक मुले गरीब घरांतील होती. पुढे मात्र दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. पॅरिसचे संगीत विद्यालय १७९५ साली स्थापन झाले आणि शासनाच्या आश्रयाने स्थिर झाले. जर्मन भाषक प्रदेशांत नगरोनगरी नाट्यगृहे उभी राहिली. तेथे गायकांचा वेतनदार संच ठेवण्याची पद्धत आजही टिकून आहे. गायकाची नेमणूक त्याच्या आवाजाची जात पाहून होते; अमुक आवाजाने अमुक भूमिका कराव्यात, याचे संकेत ठरलेले आहेत. आवाज पक्व होण्यापूर्वी त्याच्यावर जड भूमिका लादू नये, हे भान त्या संकेतांत अंतर्भूत आहे.

तेथेही सर्व काही सुरळीत नाही. अनेक गायकांना एका करारातून दुसऱ्या कराराकडे धावावे लागते. तरीही विद्यालय, नाट्यगृह आणि वेतन हे तीन खांब व्यक्तीच्या मृत्यूनंतर उभे राहतात. आपली मंडळी व्यक्तीवर उभी होती. मालक हाच प्रमुख नट, तोच भांडवलदार आणि तोच आकर्षण. केशवराव एकतिसाव्या वर्षी गेले. बापूराव पेंढारकरांनी आणि त्यांच्या पश्चात भालचंद्र पेंढारकरांनी ललितकलादर्शची परंपरा सांभाळली, हा अपवाद होय. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळी १९१८ साली स्थापन झाली आणि पुढे विलयाला गेली. १९४२ साली दीनानाथांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या किशोरवयीन ज्येष्ठ कन्येला कुटुंबासाठी चित्रपटांत काम स्वीकारावे लागले. एका श्रेष्ठ गायकनटाच्या मागे संस्था उरली नाही, निवृत्तिवेतन उरले नाही. उरली ती केवळ गळ्यातली विद्या.

मंडळीचे गोडवे गाताना तिचे दोषही विसरता येत नाहीत. मुलांचे शालेय शिक्षण तुटत असे. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या प्रथेमुळे गाणाऱ्या स्त्रियांना दीर्घकाळ मज्जाव राहिला. तथापि त्यांचे गाणे रंगभूमीला हवेच होते. ‘एकच प्याला’च्या (१९१९) चालींमध्ये सुंदराबाई जाधव यांचा वाटा आहे. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची मंडळी काढून रंगभूमीवर पाऊल ठेवले, तेव्हा त्यांच्यामागे अब्दुल वहीदखाँ यांची कसून घेतलेली तालीम होती. तथापि त्यांच्यासारख्या गायिकांना स्थिर व्यवस्था लाभण्यापूर्वीच व्यवस्था कोसळू लागली होती.

तालीम आणि चरितार्थाची फारकत

१९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी बोलपट सुरू झाला. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे भास्करबुवांचे शिष्य. त्यांची विद्या प्रभातच्या चित्रपटांकडे वळली. तालमीसाठी गुरुगृह, खासगी वर्ग आणि संगीत विद्यालये उरली. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी संगीतशिक्षण मध्यमवर्गीय घरांत नेले, हे त्यांचे कार्य निःसंशय मोठे आहे. परंतु त्या परीक्षा गवई आणि शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून आखल्या गेल्या. रागविस्तार, ताल आणि शास्त्र यांची तेथे कसोटी लागते. संवाद म्हणत असताना श्वास राखून पदात शिरणे, पात्राचा भाव न सोडता तान घेणे, याची नाही.

१९६० नंतर संगीत नाटकाला पुन्हा बहर आला. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मंदारमाला’, ‘मत्स्यगंधा’ या नाटकांनी नवे प्रेक्षक मिळविले. या पुनरुज्जीवनाचे शिखर म्हणून पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकाकडे पाहिले जाते. या नाटकाचा विषयच गायकाची घडण हा आहे, याकडे येथे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. घराण्याची विद्या बंद दाराआड आहे. सदाशिव ती चोरून ऐकतो, सेवकाचे काम पत्करतो आणि अखेरीस खाँसाहेबांच्या अभिमानाला आव्हान देतो. नाटकाच्या दृष्टीने शिष्याच्या मार्गातील मुख्य अडसर म्हणजे गुरूचे न उघडणारे मन.

हे निदान नाट्यपूर्ण आहे. परंतु ते १९६७ चे नाही. खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांचेच आयुष्य त्याला पुरावा आहे. त्यांना विद्येची दारे बंद नव्हती. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि लाहोरला असद अलीखाँ यांच्याकडे ते शिकले, अनेक घराण्यांचे संस्कार त्यांनी आत्मसात केले. बंद होते ते चरितार्थाचे दार. उमेदीची वर्षे त्यांना लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करीत काढावी लागली. रंगमंचावर दरबारी गवयाचा दिमाख उभा करणारा कलावंत दरबारही नसलेल्या आणि मंडळीही नसलेल्या काळात वाढला होता. नाटकातील सदाशिवाला विद्या मिळाली की त्याची कहाणी संपते. नाटकाबाहेरच्या सदाशिवाची कहाणी तेथून सुरू होते. ‘कट्यार’वरील समीक्षेने घराण्यांच्या संघर्षाची आणि अभिषेकींच्या संगीतरचनेची पुष्कळ चर्चा केली, ही विसंगती मात्र तिच्या दृष्टिआड राहिली. गतकाळाच्या दरबारात प्रश्न ठेवल्यामुळे वर्तमानाचा प्रश्न विचारण्याची गरज नाटकालाही उरली नाही आणि प्रेक्षकालाही. हे या श्रेष्ठ नाटकाचे मर्यादाक्षेत्र मानावे लागेल.

मराठवाड्याच्या संदर्भात

हा प्रश्न हट्टा या वसमत तालुक्यातील गावी बसून विचारला, तर तो अधिक तीव्र होतो. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श या मंडळ्यांची केंद्रे पुणे, मुंबई, कोल्हापूर, बडोदे, हुबळी या पट्ट्यात होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तोवर मंडळ्यांचा काळ मावळला होता. म्हणजे या प्रदेशाला संगीत रंगभूमी प्रामुख्याने ध्वनिमुद्रिका, नभोवाणी आणि आठवणी यांतून मिळाली. तिचे विद्यालय मिळाले नाही. दुसरीकडे, संगीत नाटकाने ज्या कीर्तनपरंपरेकडून घेतले ती येथे घरचीच आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य असलेले नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. खड्या आवाजात शब्द टाकून गाणारे गळे या भागाला नवे नाहीत. त्यांची वानवा नसून त्यांना पुढे नेणाऱ्या वाटेची आहे.

या प्रदेशात ती वाट ज्यांनी काढली, त्यांनी ती महाविद्यालयातून काढली, ही लक्षणीय गोष्ट आहे. नांदेडचे पं. नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) यांनी अण्णासाहेब गुंजकरांकडे तालीम घेतली आणि पुढे महाविद्यालयीन अध्यापन करीत मराठवाड्यात शिष्य घडविले. येथे मंडळीचे काम महाविद्यालयाने केले : त्याने गवयाला वेतन दिले आणि विद्यार्थ्याला गवई दिला. मात्र मंडळीतील तिसरी गोष्ट, म्हणजे नियमित प्रयोग, महाविद्यालयाला देता आलेली नाही. युवक महोत्सवातील काही मिनिटांचे सादरीकरण म्हणजे प्रयोग नव्हे. एक नाट्यपद घोटून म्हणणे आणि एक भूमिका तीन तास पेलणे यांत बंदिश व मैफल यांच्याइतकेच अंतर आहे.

त्यामुळे उपायही त्याच दिशेने शोधावा लागेल. संगीत, मराठी आणि नाट्यशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन वर्षभरात एक संपूर्ण संगीत नाटक बसवावे आणि ते किमान दहा गावी करावे, एवढा साधा उपक्रमही एखाद्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक शिकवील. त्यासाठी साथीदारांना मानधन आणि विद्यार्थी कलावंताला अल्प का होईना विद्यावेतन द्यावे लागेल. ही तरतूद नसेल, तर संगीत पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे आपण पुन्हा कारकुनीचीच वाट ठेवतो. आणि सर्वांनाच वसंतरावांइतके बळ नसते.

समारोप

संगीत रंगभूमी ‘संपली’ असे म्हणताना आपण बहुधा नाटकांविषयी किंवा आवाजांविषयी बोलत असतो. वरील विवेचनावरून असे दिसते की नाटके आजही उपलब्ध आहेत, आवाजही जन्माला येत आहेत. संपली ती त्यांना एकत्र आणणारी व्यवस्था. समीक्षेने गायकनटाच्या गळ्याचे वर्णन केले, त्याच्या पोटाचा हिशेब मांडला नाही. तो मांडल्याशिवाय त्या गळ्याचेही मोल पुरते कळत नाही. मंडळी परत येणार नाही आणि तिच्या दोषांसह ती यावी असेही नाही. परंतु शिकविणारा, शिकणारा, साथ करणारा आणि ऐकणारा यांना वारंवार एका छताखाली आणण्याचे तिचे कार्य आज कोणाकडे सोपवावयाचे, हा प्रश्न महाविद्यालयांना टाळता येण्यासारखा नाही. तालुक्याच्या गावी सभागृह, संगीत जाणणारे अध्यापक आणि तरुण गळे एकत्र असण्याची शक्यता आज त्यांच्याइतकी अन्य कोठेही नाही.