जुलमाचे शब्द : रशियन आणि इंग्रजी

काव्याचे भाषांतर करिताना मुळातील रस वाटेतच सांडतो, ही तक्रार सुशिक्षित वाचकांच्या पूर्ण परिचयाची आहे. राजकारणातील शब्दांविषयी मात्र तशी तक्रार क्वचितच ऐकू येते. कोश उघडावा, प्रतिशब्द घ्यावा आणि पुढे चालावे, इतके ते काम सोपे मानले जाते. आमच्या मते ही समजूत बरोबर नाही. ज्या शब्दांच्या धाकाखाली एक सबंध समाज पिढ्यानपिढ्या वावरला, ते शब्द परभाषेत गेले म्हणजे त्यांचा अर्थ जातो, पण धाक मागे राहतो. रशियन व इंग्रजी या दोन भाषांतील देवघेव पाहिली असता हे विशेष स्पष्ट होते.

प्रथम रशियाच्या जुन्या राजसत्तेचेच नाव घेऊ. ‘समोदेर्झाविये’ या शब्दास इंग्रजीत ‘ऑटोक्रसी’ हा प्रतिशब्द रूढ आहे. दोहोंचे मूळ एकाच ग्रीक शब्दात असल्यामुळे कोशकारास दोष देता येत नाही. परंतु मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानच्या काळी, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, या बिरुदाचा मुख्य आशय ‘तातार खानाचा मांडलिक नव्हे, आपले राज्य आपल्या बळावर धरणारा’ असा होता. प्रजेवरील अनिर्बंध हुकमतीचा अर्थ पुढे बळावला. १९०६ च्या मूलभूत कायद्यांत झारच्या सत्तेचे ‘अमर्याद’ हे विशेषण गाळण्यात आले, पण ‘समोदेर्झाव्नी’ हे तसेच ठेविले गेले. आणि त्याच कायद्यांनी दूमा या निवडलेल्या सभेस कायदे करण्यात वाटाही दिला. इंग्रजी वाचकास ही निव्वळ विसंगती वाटते. मूळ शब्दास दोन अर्थ होते आणि त्या दोहोंच्या सांदीत एक मोठा राजकीय झगडा झाकून ठेविता आला, ही गोष्ट ‘ऑटोक्रसी’ या एकसुरी शब्दातून उमगत नाही.

कित्येक शब्द इंग्रजीने भाषांतर न करिता तसेच उचलले. ‘सोव्हिएत’ म्हणजे रशियन भाषेत सल्ला, किंवा विचारविनिमयासाठी भरलेली सभा. इंग्रजीत तो एका परक्या राजवटीचा शिक्का झाला. ‘गुलाग’ची गोष्ट याहून बोलकी आहे. छावण्यांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या नावाचे हे संक्षिप्त रूप. सोल्झेनित्सिनचा ग्रंथ १९७३ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाल्यावर तो शब्द जगभर पोचला, आणि इंग्रजीत कोणत्याही बंदिछावणीस ‘एक गुलाग’ म्हणू लागले. या उसनवारीने छळास एक नाव मिळाले, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु ते एक खाते होते, तेथे नोंदवह्या होत्या, शिक्के होते, वेळेवर कचेरीत येणारे कारकून होते, हे त्या नावातून नाहीसे झाले. शिवाय शब्द परका, म्हणून दुखणेही परके, असा दिलासा वाचकास आपोआप मिळतो.

आता एका कादंबरीकडे वळू. येव्गेनी झाम्यातिनने ती १९२०-२१ च्या सुमारास लिहिली; एक साधे सर्वनाम हेच तिचे नाव. तिच्या मराठी नावाचा प्रश्न आम्ही शेवटी घेणार आहो. स्वदेशी ती छापता आली नाही; १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रेगरी झिलबूर्गच्या इंग्रजी भाषांतरातून ती प्रथम बाहेर आली. तीतील सर्वसत्ताधीशाचे नाव ‘ब्लागोदेतेल’. हा उपकारकर्त्यासाठी वापरावयाचा साधा शब्द आहे. आश्रिताने हात जोडून उच्चारावा असा. ‘मायबाप सरकार’ हे शब्द ज्यांच्या कानांवर आहेत त्यांस त्याची चव निराळी सांगावयास नको. झिलबूर्गने त्यासाठी ‘वेल्‌-डूअर’ असा जोडशब्द योजिला. अर्थ नेमका आला, पण वाकलेली मान आली नाही. मिरा गिन्झबर्गने १९७२ च्या भाषांतरात ‘बेनिफॅक्टर’ हा शब्द घेतला; तो अधिक सरळ खरा, तथापि त्यास शाळा-इस्पितळांना देणग्या देणाऱ्या सद्गृहस्थांचा वास येतो.

हीच कादंबरी जॉर्ज ऑर्वेलने फ्रेंच भाषांतरातून वाचली आणि १९४६ च्या जानेवारीत तिच्यावर परीक्षण लिहिले. १९४९ साली त्याची स्वतःची प्रसिद्ध कादंबरी ‘१९८४’ निघाली. ती सोव्हिएत रशियाच्या मासिकांत उजळ माथ्याने छापली जाण्यास १९८० नंतरच्या दशकाची अखेर उजाडावी लागली. १९८९ साली ‘नोवी मीर’मध्ये व्हिक्टर गोलिशेवचे भाषांतर आले. येथे उलट चमत्कार दिसतो. ऑर्वेलच्या ‘न्यूस्पीक’चे रशियन ‘नोवोयाझ’ झाले. ‘नवी’ आणि ‘भाषा’ या शब्दांचे तुकडे जोडून केलेला हा शब्द ‘कोलखोज’सारख्या सरकारी संक्षेपांच्या धाटणीचा असल्यामुळे तो भाषांतर न वाटता एखाद्या परिपत्रकातून आल्यासारखा वाटतो. आज तो रशियन बोलण्यात मुरला आहे. सत्याचे मंत्रालय रशियनमध्ये ‘प्रावदा’चे मंत्रालय होते, आणि १९१२ पासून त्याच नावाने निघणारे पक्षाचे पत्र वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ‘बिग ब्रदर’साठी गोलिशेवने ‘थोरला भाऊ’ या अर्थाचे रशियन शब्द घेतले. सोव्हिएत प्रचारात इतर राष्ट्रांचा थोरला भाऊ म्हणून रशियन जनतेचाच गौरव होत असे. शब्दशः ‘मोठा’ म्हणणाऱ्या रूढ रशियन पर्यायापेक्षा आम्हांस हाच श्रेष्ठ वाटतो. मराठी वाचकास त्याची खूण ‘दादा’ या शब्दात पटेल. आपल्याकडेही माया आणि दंडेली यांस एकच नाव पुरते.

यावरून सर्वच शब्द घरचे करावेत, असे मात्र ठरत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली आणि तिला ‘विशेष लष्करी कारवाई’ हे नाव दिले. पुढच्याच महिन्यात सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरविणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. भाषांतरकाराने स्वतः लिहिताना युद्धास युद्धच म्हणावे. परंतु एखाद्या रशियन अधिकाऱ्याचे वा भेदरलेल्या शिक्षिकेचे बोलणे भाषांतरित करिताना तेथे ‘युद्ध’ घातले, तर त्या बोलण्यातील बंधनच पुसले जाते. ज्या नामाची किंमत एका भाषेत तुरुंग आहे आणि दुसरीत काहीच नाही, त्याची अवघडलेली चाल तशीच राखणे हे भाषांतरकाराचे कर्तव्य होय.

तेव्हा कसोटी एकच : शब्दाने वाचकास प्रेक्षकांत बसवावे की जबाबदारीत ओढावे? झाम्यातिनच्या पुस्तकाचे नाव या कसोटीस लावून पाहावे. रशियनमध्ये आणि इंग्रजीत त्या सर्वनामाचे एकच रूप आहे. मराठीस मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करणे भाग आहे. कथेचा निवेदक परग्रहावरील अनोळखी वाचकांसाठी लिहितो. म्हणून व्याकरणाचा कौल ‘आम्ही’कडे पडतो आणि निवेदनात तेच असावे. मुखपृष्ठावर मात्र आम्ही ‘आपण’ हाच शब्द पसंत करू. ‘आम्ही’ वाचणाऱ्यास ती माणसे दूरची वाटतील; ‘आपण’ म्हटल्यावर त्यास निदान क्षणभर तरी आपलेही नाव त्या यादीत आहे काय, हे पाहावे लागेल.